कासारमामीची बोटं

कासारमामी मनगट धरायची आणि माणूस जेवलंय की उपाशी आहे ते सांगायची. कळमनुरीच्या बाजारात बांगड्या भरायला तिच्यासमोर हात पुढे केला की ती आधी बोटं दाबून बघायची. "काहून गं, सासूसंग भांडून उपाशी आलीस व्हय?" समोरची बाई ओशाळून हसायची. मला लहानपणापासून तिनंच बांगड्या भरल्या. पंजा असा चेपायची की हाडाचं लोणी व्हावं. तिच्या हातून माझं एकही काकण पिचलं नाही. "तुझ्या लग्नाचा चुडा मीच भरणार," हे तिचं दर खेपेचं पालुपद.

थंडी पडली की मात्र तिचीच बोटं दगा द्यायची. आधी खडूसारखी पांढरी, मग निळी, आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकायची. गिऱ्हाईक आलं तरी मामी हात काखेत घालून बसलेली. "थांब बाई, बोटं जिती होऊन राहिलीत."

शेवटी हिंगोलीच्या एका डॉक्टरांनी तिला गोळी दिली. गारठ्यात बोटांच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून जातात, ही गोळी त्या सैल करते, मग रक्त शेंड्यापर्यंत पोचतं, असं त्यांनी समजावलं होतं. महिन्याभरात बोटं गुलाबी झाली. गोळीनं तोंडही तापून लाल व्हायचं, पाय थोडे सुजायचे. बाजारातल्या बाया चिडवायच्या, "मामी, मामाची आठवण येऊन राहिली का?" मामी लाजायची आणि आणखी लाल व्हायची.

तोवर मी शिकून मेडिकलच्या दुकानात काम करू लागले होते. एका बाजारच्या दिवशी, दुकानात झुंबड असताना, तिनं गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढे धरलं. "ही कशाची गोळी हाय गं?"

"बीपीची आहे मामी, पण तुला बोटांसाठी दिलीय," मी दुसऱ्याच कुणाची चिठ्ठी वाचत म्हटलं. तिनं अर्धंच ऐकलं, की मी उरलेलं अर्धं तोंडातल्या तोंडात बोलले, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती आली तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे काळे पडले होते.

"गोळ्या घेत नव्हतीस?"

"जावेला देत होते. तिच्या सरल्या होत्या. तिला बीपी हाय, तिच्या जिवाला धोका. मला तर नुसती बोटंच हायत."

नुसती बोटं! मी तिच्यावर इतकी ओरडले की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. खरं तर मला माझाच राग आला होता. नांदेडला नेऊन ती दोन बोटं काढावी लागली. उरलेली बधिर झाली.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मामी सुनेला घेऊन आली. चुडा सुनेनं भरला. मामी शेजारी बसून "हळू गं, हळू" म्हणत राहिली. सगळं झाल्यावर तिनं माझा हात हातात घेतला. सवयीनं बोटं दाबली, पुन्हा दाबली, बराच वेळ धरून राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, "समजंना गं पोरी. तूच सांग, जेवलीस का?"

सकाळपासून माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"जेवले मामी," मी म्हटलं.

तिला ते खरं वाटलं.