बिनवेलचीचा चहा

आमच्या घरी दर वर्षी १ मे रोजी चहाची परीक्षा असते. बाहेर महाराष्ट्र दिनाची भाषणं, कामगार दिनाच्या सभा, जे चालायचं ते चालो. सक्करदऱ्याच्या आमच्या घरात पडदे ओढून, कूलर लावून, भर उन्हाळ्यात चार-पाच तऱ्हेचे चहा उकळतात. बाबा कारखान्यात फिटर होते. तिथला पाणचट चहा वर्षभर पिऊन इतके कावलेले असायचे, की या हक्काच्या सुटीला ते घरातल्या प्रत्येकाला ओट्याशी उभं करायचे. ज्यानं त्यानं आपापला चहा करायचा. मग बाबांच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधायचा आणि कप त्यांच्या नाकाखाली धरायचा. घोट घेण्याआधीच ते सांगत, हा गवती चहाचा, हा वेलचीचा, हा तुह्या आईचा, पत्ती जास्त. कधी चुकले नाहीत. त्या नाकाचा आम्हाला अभिमान होता आणि जाचही, कारण मी शाळेतून येताना ठेल्यावर काय खाल्लं तेही त्याला कळायचं.

आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच राहतात. मी आणि नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीला असतो. मी मुळातच भित्री. बाबांनी फोन उचलला नाही की मला ते न्हाणीत पडलेलेच दिसतात. नवरा म्हणतो, तुझ्या डोक्यात कायम अँब्युलन्स उभी असते. म्हणो बापडा.

यंदा दार उघडताच मी नाकाला ओढणी लावली. घरात काहीतरी मेलं होतं. नवऱ्यानं फ्रिज सरकवला, तर मागे उंदीर, चांगला फुगलेला.

“अरे, हा कवा मेला?” बाबा वाकून बघायला लागले.

“बाबा, तुम्हाले वास नाही आला?”

“सर्दी झाली ना वं मले. कूलरची हवा.”

नवऱ्यानं श्वास रोखून उंदीर कागदात गुंडाळला आणि बाहेर नेला. सासऱ्याच्या घरचा उंदीर, तक्रार तरी कुणाकडे करणार! मला हसू आलं. पण सर्दी झालेला माणूस शिंकतो, नाक ओढतो. बाबांचा आवाज खणखणीत होता.

परीक्षा सुरू झाली. मी दुपट्टा घेऊन पुढे झाले, तर बाबांनी हात झटकला. “इतक्या गरमीत डोये कायले बांधतं? असंच सांगतो.” मागच्या वर्षीही ते असंच म्हणाले होते. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं.

आता चहा करणारे आम्ही दोघंच, म्हणून नवऱ्यानं तीन तऱ्हेचे केले. लिंबाचा काळा चहा बाबांनी जिभेवर घेऊन ओळखला. गुळाचा रंगावरून ओळखला असावा. अद्रकाचा घशाला झोंबतो, तोही ओळखला. प्रत्येक वेळी मी त्यांच्या नाकाकडे बघत होते. कप नाकाखाली जात होता, बाबा डोळे मिटून, लहानपणापासून मी पाहिलं तशी मान मागे टाकत होते, पण नाकपुड्या हलतच नव्हत्या. सगळं सोंग होतं, आणि ते इतकं हुबेहूब होतं की मला रडू यायला लागलं.

शेवटचा चहा माझा, वेलचीचा. मी वेलचीचा डबा उघडला आणि तसाच परत बंद केला. दूध, साखर, पत्ती, बस्स. कप बाबांच्या हातात दिला आणि म्हटलं, “वेलची जास्त झाली का वो?”

त्यांनी डोळे मिटले. वास घेतल्यासारखं केलं. घोट घेतला.

“थोडी जास्तच पडली. पण मस्त वास येऊन राहिला.”

मी हसून मान हलवली. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, आणि मला थंडी वाजत होती. बाबांना वास येत नाही. उंदराचा येत नाही, नासलेल्या दुधाचा येत नसेल, जळक्या वायरचा येत नसेल. आणि हा माणूस या घरात एकटा, दिवसातून पाच वेळा गॅस पेटवून चहा करतो. वाडीहून मी रोज व्हिडिओ कॉल करते, सगळं दिसतं, ऐकू येतं. वास काही फोनवर येत नाही.

त्यांना कसं विचारावं ते मला सुचेना. चारचौघांत एखाद्याचं गुपित उघडं पाडावं तसं वाटत होतं. नवरा कूलरच्या टाकीत पाणी भरायला बाहेर गेला. बाबा म्हणाले, “आता माझा चहा,” आणि दूध गॅसवर चढवून बाहेरच्या खोलीत आले. कूलरच्या आवाजात ते बराच वेळ शेजाऱ्याच्या नव्या गाडीबद्दल सांगत राहिले. मी हो हो करत राहिले आणि मनात वाक्य जुळवत राहिले. मग ते दूध बघायला उठले.

मीही उष्टे कप ट्रेमध्ये गोळा करून मागोमाग गेले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तो वास नाकात शिरला. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ठिबकत होतं. बर्नर विझलेला होता आणि बटण तसंच चालू होतं. बाबांनी खिळ्यावरचा लायटर काढला होता.

मला ओरडताच आलं नाही. लोक म्हणतात किंकाळी फुटली. माझी घशातच राहिली. ट्रे हातातून सुटला, कप फुटले, त्या आवाजानं बाबांनी वळून पाहिलं, आणि तेवढ्यात मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. इतकं घट्ट, की माझी नखं त्यांना लागली.

“काय झालं वं? हात काहून धरला माहा?”

“गॅस! बाबा, गॅस!”

ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांनी एकदा जोरात श्वास ओढला. काहीच सापडलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. मी बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली आणि तेव्हा कुठे आवाज फुटला. नवऱ्याला ओरडून सांगितलं की कूलरच्या, पंख्याच्या, कुठल्याच बटणाला हात लावू नको. बाबांना ओढतच अंगणात आणलं.

आम्ही तिघं कडुनिंबाच्या सावलीत पायरीवर बसलो. सुटीची दुपार, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लायटर अजून बाबांच्या मुठीतच होता.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दोन वर्सं झाली. मांगं ताप आला होता ना, तवापासून.”

“मग सांगितलं काहून नाही?” मी अक्षरशः किंचाळले. मघाची किंकाळी आता निघाली.

बाबा जमिनीकडे बघत होते. “सांगतलं असतं तर तू मले वाडीले नेलं असतं.”

नेलंच असतं. आताही मनात तेच होतं. संध्याकाळी दोन कपडे भरायचे आणि कुलूप लावायचं, एवढं मी पायरीवर बसल्या बसल्या ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

ते बहुतेक त्यांना दिसलं. बाबा उठले आणि आत गेले. माझा जीव पुन्हा उडाला, मी मागे धावले. ते सिलिंडरपाशी उकिडवे बसले होते. आयुष्यभर नटबोल्ट फिरवलेल्या हातांनी त्यांनी रेग्युलेटर सोडवला, नळीही ओढून काढली, आणि लायटरसकट सगळं माझ्या पुढ्यात धरलं.

“हे घेऊन जाय. मी बिनाचहाचा राहीन. पण मले इथंच राहू दे वं.”

मला वाटत होतं, त्यांना गॅसची भीती बसली असेल. गॅसचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. त्याचा वाससुद्धा त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. माझे बाबा मला भीत होते. दोन वर्षं रोज, फोनवर हसून बोलताना, डोळे मिटून कप नाकाखाली धरताना, ते मलाच भीत आले होते.

मी त्यांच्या हातातून ते सगळं घेतलं आणि पिशवीत टाकलं. कपडे भरले नाहीत. उद्या विजेची शेगडी घेऊन येते म्हटलं. बाबांनी मान हलवली आणि फुटक्या कपांचे तुकडे वेचायला बसले.