मामांनी खाल्लेले तीन गोल

गोल करणाऱ्यांची नावं सगळं जग लक्षात ठेवतं. गोल खाल्ल्याचा मान आयुष्यभर मिरवणारा माणूस मात्र मी एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. देशातल्या सगळ्यांत वरच्या फुटबॉल लीगमध्ये आज सर्वाधिक गोल कोणाच्या नावावर आहेत, त्याच्या खाली कोण आहे आणि त्या खालच्याला वर सरकायला अजून किती हवेत, हे बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या चौकात उभं राहून विचारलं, तर उत्तर देणारे मामा एकटेच. खरं म्हणजे विचारावंही लागत नाही. ते आपण होऊन सांगतात. केळीच्या भावाबद्दल बोलत उभ्या असलेल्या माणसांना थांबवून सांगतात. ऑटोवाल्याला सांगतात, आणि तो हिशेबाने मान डोलवतो, कारण मामांचं सांगणं संपेपर्यंत ते उतरणार नाहीत हे त्याला ठाऊक असतं.

मामा मूळचे जळगावकडचे. बुऱ्हाणपूरजवळच्या एका कागद कारखान्यात, बांबूचा लगदा होतो त्या विभागात, त्यांनी सगळी नोकरी काढली. कारखान्याची फुटबॉलची टीम होती आणि मामा तिचे गोलकीपर होते. चपळाई वगैरे काही कारण नव्हतं. अख्ख्या कारखान्यात त्यांच्याएवढा उंच माणूस दुसरा नव्हता, म्हणून पंचेचाळिशी उलटली तरी त्यांना कोणी गोलातून हलवलं नाही. अशातच एका वर्षी कारखान्याच्या मैदानावरच्या स्पर्धेला लांबच्या कुठल्या तरी क्रीडा वसतिगृहाची टीम आली आणि पंधरा-सोळा वर्षांच्या एका कुरळ्या केसांच्या पोराने मामांना तीन गोल मारले. कारखाना तीन-शून्यने हरला. मामा मान खाली घालून घरी आले, आणि पुढची काही वर्षं त्या घरात चेंडू या वस्तूचा उल्लेख झाला नाही.

मग एका सकाळी पेपरात फोटो आला. तेच कुरळे केस, मजकुरात त्याच वसतिगृहाचं नाव. पोरगा मोठा होऊन देशाच्या लीगमध्ये पोचला होता आणि सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत शेवटून का होईना, पण होता. मामांनी तो फोटो कापून शोकेसच्या काचेला आतून चिकटवला, आणि त्या क्षणापासून तो पराभव हा त्या घराण्याचा अलंकार झाला. पोरगा यादीत दहावा होता तेव्हा मामा वसाहतीच्या गणपतीत मागच्या खुर्चीवर बसत. तो पाचवा झाला तेव्हा मामा पुढच्या रांगेत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण उठवलंही नाही. तो तिसऱ्या क्रमांकावर गेला त्या मोसमात मामांनी आरतीचं ताट हातात घेतल्याचं मामी सांगते.

यादीवर त्यांचा एकच आक्षेप होता. ती अपुरी आहे. लीगवाले जो आकडा देतात त्यात आपले तीन मिळवून वाचावं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं, आणि ते स्वतः तसंच वाचत. कारखान्याच्या मैदानावरचे गोल राष्ट्रीय लीगमध्ये कसे धरतील, असं मी एकदा म्हणालो. मामांनी माझ्याकडे जावई म्हणून जेवढं सौम्य बघता येईल तेवढं सौम्य बघितलं. म्हणाले, "गोल तो गोल असतो, जावईबापू. खाणाऱ्याला विचारा."

सामना बघण्याची त्यांची पद्धतही वेगळी. चेंडू कुठे चाललाय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे. गोल झाला की सगळे खेळाडू एका बाजूला पळतात आणि कॅमेराही तिकडेच पळतो, याचं त्यांना वाईट वाटे. "कीपरचं तोंड दाखवतच नाहीत," असं ते दर वेळी म्हणत. क्वचित दाखवलंच, तर मामा टीव्हीजवळ जाऊन त्या गोलकीपरशी बोलत. ऊठ बाबा, बसून राहू नको, मोठमोठ्यांच्या हातून झालंय, असं काहीसं. परदेशी गोलकीपर असला तर हिंदीतून. मामी शेजारच्या खोलीत पोळ्या लाटता लाटता विचारी, कोणी खाल्ला आज, आणि मामा त्या गोलकीपरचं आडनाव सांगत, जणू नात्यातल्या कोणाच्या घरी वाईट घडलं होतं.

हे तीन गोल कसे झाले ते मामा प्रात्यक्षिकासह दाखवत, आणि जागा कुठलीही चाले. दापोऱ्याला माझ्या मेव्हण्याचं लग्न होतं. जानवशाच्या खोलीत गाद्या अंथरलेल्या पाहून मामांना राहवेना. दोन सुटकेसचे खांब झाले, मला उशी लाथाडायला सांगण्यात आलं, आणि साठी ओलांडलेले मामा वऱ्हाड्यांसमोर उजवीकडे झेपावले. उशी डावीकडून गेली. गादी जिथे संपत होती तिथे मामांचं मनगट पोचलं होतं. हळदीची वाटी जवळच होती, त्यामुळे त्या लग्नात नवऱ्याच्या आधी हळद मामांना लागली. मनगट धरून बसल्या बसल्याही ते समाधानाने म्हणत होते, अगदी असंच झालं होतं.

त्या खेळाडूचं नाव मामा कधी घेत नसत. 'आमचा' म्हणत. आमच्याने काल एक टाकला, आमच्याला आज खेळवलं नाही. मामा-मामींना मूलबाळ नाही, हे ओळखीच्या सगळ्यांना माहीत होतं, पण बसमध्ये शेजारी बसणाऱ्याला कसं माहीत असणार? डोईफोडियाचे एक शेतकरी असेच बसमध्ये भेटले. मामांनी तासभर 'आमच्या'ची प्रगती सांगितली. आठवड्याभराने ते गृहस्थ आपल्या मोठ्या भावाला घेऊन, मुलीची पत्रिका आणि केळीचा घड असं बरोबर आणून घरी हजर. मामा बाजारात गेलेले. मामीने पाणी दिलं, चहा दिला, पत्रिका हातात घेऊन वाचली, आणि मग शांतपणे सांगितलं, "तो आमचा नाही हो भाऊ. त्यानं यांना गोल मारलेत फक्त." पाहुणे बराच वेळ चहा पीत राहिले. जाताना घड परत न्यायचा की नाही यावर दोघा भावांत दारातच हलक्या आवाजात चर्चा झाली. घड राहिला. ती केळी पिकेपर्यंत मामी काही बोलली नाही, आणि पिकल्यावर शिकरण केलं तेव्हाही बोलली नाही. मामांनी मात्र मुलीची चौकशी केली. कितवी शिकली, वगैरे.

पण खेळाडू झाला तरी त्याचं वय वाढतंच. 'आमचा' हळूहळू बाकावर बसू लागला. शेवटची दहा मिनिटं उतरायचा, कधी तेवढीही नाही. यादीत खालून एक तरणा मुलगा भराभर वर येत होता, आणि मामा त्याच्या बातम्या वाचताना चष्मा काढून ठेवत. त्या मोसमात त्यांचं जेवण कमी झालं. मामीने डॉक्टरांना दाखवलं, तर डॉक्टरांना त्यांनी यादी सांगितली.

आणि मग तो बुऱ्हाणपुरात येणार असल्याची बातमी आली. दापोऱ्याच्या रस्त्यावर एका शाळेने फुटबॉलचं नवं मैदान केलं होतं आणि सकाळी दहा वाजता त्याच्या हस्ते उद्घाटन होतं. शाळेतले एक शिक्षक माझ्या ओळखीचे. त्यांना गळ घालून मी मामांसाठी पाच मिनिटं मागून घेतली. मामा त्या दिवशी सातलाच दाढी करून, पांढरा शर्ट घालून, दराबा या बुऱ्हाणपुरी मिठाईचा डबा मांडीवर घेऊन माझ्या ओसरीवर बसले होते. आयुष्यभर कोणाशीही बोलत सुटणारा हा माणूस ऑटोत एक शब्द बोलला नाही. ऑटोवाल्याने काळजीने मागे वळून पाहिलं.

मुख्याध्यापकांच्या खोलीत तो आला तेव्हा मामांपेक्षा एक वीत बुटका निघाला. कुरळे केस विरळ झाले होते. मी ओळख करून दिली. कारखान्याचं नाव ऐकताच तो म्हणाला की ते मैदान आठवतं, गोलामागे बांबूचे ढीग होते. मामांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. मग त्यांना वाचा फुटली. हिंदीत, मराठीत, हातवारे करून ते सांगू लागले. पहिला डोक्यावरून. दुसरा कॉर्नरवरून. तिसरा, पंधरा पावलांवरून, डाव्या पायाने, जमिनीलगत.

तो ऐकता ऐकता थांबला.

"बाएँ पैर से?" त्याने विचारलं.

"बाएँ से. बिलकुल."

खोटं बोलणं त्याला सोपं होतं, आणि ते बोललं जावं असं मला फार वाटत होतं. पण तो सरळ माणूस होता. "काका, मेरा बायाँ पैर तो आज भी कच्चा है," तो म्हणाला. "वो तीनों तो टीम के दूसरे लड़के के गोल थे. हम दोनों के बाल एक जैसे थे, कोच भी गलत नाम से बुलाते थे. मैं तो उस दिन बाहर बैठा था."

मामांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. विचारलं, तो मुलगा आता कुठे असतो. पुढच्याच वर्षी त्याचे वडील गेले, त्याने खेळणं सोडलं आणि तो गावी परत गेला, असं कळलं. "मुझसे अच्छा था, काका. बहुत अच्छा." फोन नंबर होता त्याच्याकडे. अलीकडे बोलणं होत नाही, असं म्हणत त्याने तो मला दिला. मामांनी दराब्याचा डबा त्याच्या हातात ठेवला, त्याने वाकून नमस्कार केला, आणि आम्ही बाहेर पडलो.

घरी आल्यावर मामा आतल्या खोलीत जाऊन पडले. मी स्वयंपाकघरात मामीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिला त्यात नवल काही वाटलं नाही. त्या सामन्याला ती स्वतः हजर होती. "कुरळे दोन होते," ती म्हणाली. "पेपरात फोटो आला तेव्हा मी म्हटलं पण होतं यांना. यांनी ऐकलं नाही. मग चेहरा इतका खुललेला पाहिला, तर म्हटलं जाऊ दे."

पुढचे काही दिवस बुऱ्हाणपुरात सर्वाधिक गोल कोणाचे आहेत हे कोणालाच कळलं नाही. मामा चौकात जात, केळीवाल्यांच्या गप्पा शेवटपर्यंत ऐकत आणि परत येत. शोकेसच्या काचेवरचा फोटो त्यांनी काढला नाही, पण त्याच्यासमोर थांबणंही बंद केलं. मला अपराध्यासारखं वाटत होतं. ती पाच मिनिटं मीच मिळवून दिली होती.

एका रविवारी सकाळी ते माझ्याकडे आले. चहा नको म्हणाले. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "जावईबापू, आमच्याचे गोल सगळा देश मोजून राहिला. त्याला माझी काही गरज नव्हती. त्या दुसऱ्या पोराचे तीन कुठंच लिहिलेले नाहीत. ते फक्त मला माहीत आहेत." मग जरा थांबून, "लावता का फोन?"

मामांना ऐकू कमी येतं, म्हणून मी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडून एका माणसाने घाईच्या, व्यावसायिक सुरात कोण पाहिजे म्हणून विचारलं. मागे दुकानात असावी तशी गडबड होती. मामांनी कारखान्याचं नाव सांगितलं, ते वर्ष सांगितलं, आणि मी तो कीपर, म्हणाले.

मग तो माणूस म्हणाला, "आपको याद है?"

मामांनी त्याला तिन्ही गोल सांगितले. घाई न करता, काही न वाढवता. वारा कुठून होता, बॅकला कसं चकवलं, आपण कुठल्या बाजूला पडलो. मध्ये कोणी गिऱ्हाईक त्याला हाक मारत होतं, त्याला त्याने थांबायला सांगितल्याचं ऐकू आलं. नंतर तिथली गडबडही कमी झाली, बहुतेक तो फोन घेऊन बाहेर आला असावा. सांगून झाल्यावर मामा थांबले.

"काका," तो म्हणाला, "तीसरा वाला एक बार फिर से बताइए."

मामा खुर्चीतून उठले. समोर कोणी बघणारं नव्हतं, तरी त्यांनी दोन्ही हात पसरले, गुडघे जरा वाकवले, आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागले.