मुकादम सर, सात तारा आणि आम्ही चौघे

पेटी आली त्या दिवशी मी नागावात नव्हते, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. मुकादम सरांचे किस्से इतके साठले आहेत, की सांगणारा तिथे हजर होता की नाही हे विचारायचे लोक विसरतात. मी विचारते. हा किस्सा मला गावातल्या चौघांनी सांगितला. तपशील चौघांचे वेगळे, पण शेवटच्या वाक्यावर चौघांचेही एकमत आहे.

सर तरुणपणी मालवाहू जहाजावर अधिकारी होते. एका चिनी बंदरात जहाज महिनोन्महिने अडकले, तेव्हा ते तिथल्या एका वृद्ध गुरूंकडे गुछिन शिकले. गुछिन म्हणजे लांबट लाकडी फळी आणि तिच्यावर सात रेशमी तारा. मेजावर आडवी ठेवून वाजवायची. पुढे नोकरी सोडून सर युरोपात संगीतरचना शिकले. गुरू वारल्यावर त्यांचे वाद्य सरांकडे यायचे ठरले. उरणच्या बंदरातून टेम्पोने घरी आलेली पेटी पेंढा भरून भरून माणसाच्या लांबीची झाली होती! सर चीनला गेलेत, एवढेच गावाला ठाऊक, वाद्याचे कुणालाच नाही. अर्ध्या तासात अंगणात पांढऱ्या टोप्या जमल्या. सरांची धाकटी बहीण सकीनाआपा आक्रोश करत होत्या. कफनाच्या कापडासाठी माणूस धावला. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. सर उतरले, गर्दी पाहून दचकले आणि म्हणाले, "कोण गेलं?"

"तुम्हीच!"

*

यापुढचे सर्व मी पाहिलेले आहे.

गुछिन आणि चार पाश्चात्त्य तंतुवाद्ये यांच्यासाठी सर आठ वर्षे एकच रचना लिहीत होते. ती वाजवायला आम्हाला बोलावले: व्हायोलिनवर अलिबागच्या दोघी बहिणी, चेलोवर कोर्लईचे पास्कोलकाका आणि व्हायोलिनहून जरा मोठ्या, खालच्या सुराच्या व्हिओलावर मी. पहिल्याच रविवारी सर म्हणाले, "अलिबागच्या सभागृहात हे एकदा, फक्त एकदा, पूर्ण वाजलं पाहिजे. पुन्हा वेळ मिळेलसं वाटत नाही."

आम्ही त्याचा संबंध वयाशी लावला.

मग कागद वाटले. स्वर लिहिले होते, कोणती तार, कोणते बोट, तेही होते. मात्रा मात्र एकही नव्हती! विद्यापीठात संगीत शिकलेल्या माझ्यासारखीला हा धक्का लहान नव्हे.

"सर, ताल कुठे आहे?"

"जुन्या गुछिनच्या लिपीत काळ लिहीतच नाहीत, बाई. ती फक्त जागा सांगते. युरोपची लिपी काळ सांगते. मी दोघांचं लग्न लावलंय."

पास्कोलकाका चष्मा काढून म्हणाले, "कप्तान, लग्न लावलंत, पन मुहूर्त दिला न्हाय!"

"मुहूर्त माझ्या हातात. माझ्या हाताकडे बघत राहा."

आम्ही बघत राहिलो.

*

सरांचे नियम तीन. बोलायचे ते समोर येऊन. तालमीत सर्वांनी अनवाणी बसायचे, लाकडी जमिनीवर, सतरंजीशिवाय. आणि फोन करायचा नाही. काम असेल तर नागावला यायचे.

"जहाजावरची शिस्त!" असे मी दोघी बहिणींना अधिकारवाणीने सांगितले होते.

*

समुद्राच्या दमट हवेने एके दिवशी गुछिनची रेशमी तार तुटली. नवी यायला महिना. पास्कोलकाकांनी स्कूटरच्या डिकीतून गळाची नायलॉनची दोरी काढली.

"गुरूंच्या वाद्याला मासे धरायची दोरी?" मी अक्षरशः किंचाळले.

"बाय, ह्या दोरीवर मोठाले रावस चढलेत. तुमचा एक सूर काय तेवढा जड हाय?"

सरांनी दोरी बांधली, छेडली आणि बोटांची टोके फळीवर टेकवून डोळे मिटले. आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा होता.

"छान," सर म्हणाले.

त्यांच्या कानांविषयी मला त्या दिवशी पहिल्यांदा शंका आली. सभ्यपणे मी ती पुसून टाकली.

*

रचनेच्या शेवटी आम्ही चौघे थांबतो आणि सर एक तार छेडून डावे बोट तिच्यावरून सरकवत नेतात. नाद विरतो. बोट सरकतच राहते.

पहिल्या वेळी पास्कोलकाकांनी चेलो पेटीत ठेवायला घेतला.

"अजून संपलेलं नाही, पास्कोल."

"कप्तान, मला तर कायच ऐकू येत न्हाय!"

"मलाही नाही."

केवढे गहन उत्तर! मी ते वहीत उतरवून घेतले.

*

पुढच्याच रविवारी त्या निःशब्द जागेवर बोट सरकत असताना पडवीच्या पत्र्यावर नारळ पडला. तोफ डागल्यासारखा! एका व्हायोलिनचा गज खाली पडला. पास्कोलकाकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. सरांचे बोट क्षणभरही अडखळले नाही.

मी चहाचे कप ठेवायला आत गेले आणि सकीनाआपांना म्हणाले, "काय ही एकाग्रता!"

आपांनी शेगडी बंद केली. "एकाग्रता कसली, बाई? दोन वर्सं झाली. भाईला ऐकाला येत नाय."

माझ्या हातात कप होते. ते फुटले नाहीत, एवढेच मी खात्रीने सांगू शकते.

ऐकीव गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही, म्हणून डॉक्टरांचा कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला. दोन्ही कान.

सरांसमोर जाऊन उभी राहिले. समोर येऊन बोलण्याचा नियम आता कळला होता.

"का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्या चुका सांभाळून घेतल्या असत्या. मला हे संगीत ऐकायचं नाहीये, बाई. ते झालेलं हवंय."

दोघी बहिणी रडल्या. असे वाजवणे योग्य की अयोग्य, यावर मी बोलू लागले, तेव्हा काकांनी मला तोडले. "कप्तानला येत नसंल ऐकू, अलिबागला तर येतंय ना? मग वाजवू."

घरी येऊन मी वर्षभराच्या तालमी आठवून काढल्या. सरांनी आमच्या शेकडो चुका पकडल्या होत्या. त्यांनी बोटे पाहिली, गज पाहिले. चेलोचा कंप लाकडी जमिनीतून त्यांच्या पावलांपर्यंत पोचत होता. प्रत्येक गोष्टीचे स्पष्टीकरण मिळाले आणि मला बरे वाटले.

*

अलिबागच्या सभागृहाला दगडी फरशी होती. सरांनी बूट घातले होते. आयोजकांनी त्यांना पुढे बसवले, आमच्याकडे पूर्ण पाठ करून. त्यांचा हात फक्त कडेच्या पास्कोलकाकांना दिसत होता. आम्ही तिघी काकांकडे पाहून वाजवत होतो.

रचना पूर्ण वाजली. आमच्यापैकी सर्वांत शेवटी मी थांबते: माझी सर्वांत खालची तार, मोकळी, तिच्यावर एकही बोट नाही. मग सरांचा तो निःशब्द प्रवास. सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. सरांचा हात उचलला गेला आणि लोक उठून उभे राहिले.

सरांनी टाळ्या पाहिल्या, मान लववली, वळले आणि थेट माझ्याकडे आले.

"सुंदर झालं, बाई. फक्त शेवटी तुमची खालची तार जरा उतरली होती."

दुसऱ्या दिवशी मी ध्वनिमुद्रण लावले. शेजारी सूर मोजायचे यंत्र ठेवले. तो शेवटचा स्वर मी पाच वेळा तपासला.

उतरली होती. केसभर.