कोठीशेजारची रेघ

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, पुढं मराठवाडा मुंबई राज्याला जोडला, तेव्हा बाबांची बदली औरंगाबादला झाली. बाबा सरकारी मोजणीदार, शेतं मोजायचे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. बोलायचं मराठीत, प्रार्थना हिब्रूत. ठाण्याला होतो तोवर प्रार्थनालय चार पावलांवर होतं. इथं अख्ख्या शहरात आमच्या माहितीतलं यहुदी घर एकच, आमचं. सगळ्यांनी मिळून करायच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आमच्याकडं एक होता, आणि तोही महिन्यातले पंधरा दिवस सिल्लोड नाहीतर पाचोडकडं मोजणीची साखळी ओढत फिरायचा.

मग बाबांनी घरातच जागा धरली. पहिल्याच दिवशी होकायंत्र काढलं, प्रार्थनेला तोंड जिकडं करायचं त्या यरुशलेमची दिशा मोजली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली. रेघेच्या एका बाजूला ज्वारीची लोखंडी कोठी, दुसऱ्या बाजूला चूल. मधल्या हातभर जागेत प्रार्थनेची शाल डोक्यावरून घेऊन ते घरी असले की रोज सकाळी उभे राहायचे. घरमालकीण सिल्लोडकडची, तोंडानं फटकळ. ती आईला म्हणायची, "बाई, एवढं मोठं घर दिलं तुमाला, अन् देवाला कोठीमागं कोंबलं व्हय?" आई नुसती हसायची.

मी तेव्हा शेजारच्या खोलीत अर्धवट झोपेत असायचे. दारातून चुलीचा तांबूस उजेड माझ्या पांघरुणापर्यंत यायचा. गोवऱ्यांचा धूर, परातीत भाकरी थापल्याचा आवाज, आणि त्या सगळ्याच्या आत कुठंतरी बाबांचा आवाज वर-खाली होत राहायचा. शब्द कळत नसत. मला वाटायचं, आमच्या स्वयंपाकघरात रोज कुणीतरी येऊन पाटावर बसतं आणि मी उठले की निघून जातं. म्हणून मी मुद्दाम पडून राहायचे. आई बोलायची, आळशी म्हणायची, पण मी काही डोळे उघडत नसे. ते जे कुणी होतं त्यानं थोडा वेळ आणखी बसावं, एवढंच मला हवं असायचं.

पुढं मी इथंच शाळेत भूगोल शिकवायला लागले. चूल जाऊन स्टोव्ह आला. मग एका वर्षी आई गेली आणि बाबांची प्रार्थना थांबली. सात दिवसांचा शोक रीतसर पाळला, नंतर जेवत होते, पेपर वाचत होते, पण शाल पेटीतच. विचारलं की म्हणायचे, "उद्या बघू." मला लई भीती वाटली. ज्या माणसानं अर्धं आयुष्य दहा जणांचं काम एकट्यानं केलं, त्याचं देवाशी बोलणंच तुटलं तर त्याच्याजवळ राहिलं काय?

एक दिवस मी वर्गात मुलींना होकायंत्र दाखवत होते. जवळ लोखंड ठेवू नका, सुई फसते, असं सांगता सांगता मला घरची लोखंडी कोठी आठवली. घरी येऊन आधी कोठीपाशी मोजलं, मग अंगणात जाऊन मोजलं. काय सांगू, बाबांची रेघ यरुशलेमला जातच नव्हती. ती चालली होती वर, रशियात कुठंतरी.

मी अशीच आहे, दुखणं कळलं की औषध घेऊन धावणारी. वाटलं, दिशा नीट केली की बाबा पुन्हा प्रार्थनेला उभे राहतील. पुढच्या खोलीतला पसारा काढला, भिंतीला चुना दिला, खरी दिशा मोजून नवी सतरंजी अंथरली. बाबांना हाताला धरून तिथं नेलं आणि ऐटीत सगळं समजावून सांगितलं.

"बाबा, इतकी वर्षं तुम्ही चुकीच्या दिशेला तोंड करून उभे होता."

"सुईला लोखंड ओढतं हे मोजणीदाराला शिकवतेस?" बाबा म्हणाले. "त्याच आठवड्यात कळलं होतं मला."

"मग बदलली का नाही जागा?"

बाबा सतरंजीवरून बाजूला झाले. "ठाण्याला प्रार्थनालयात बायका वर माडीवर बसायच्या, आम्ही खाली. तिथं तुझ्या आईचा आवाज मला कधी ऐकू आला नाही. इथं मी प्रार्थना म्हणायचो अन् ती भाकरी थापता थापता आमेन म्हणायची. कोठीपाशी उभं राहिलं तरच ऐकू यायचं." मग म्हणाले, "आता आमेन म्हणायला कोण आहे?"

मला स्वतःचा असा राग आला की बस. मोठी भूगोलाची बाई, बापाला दिशा दाखवायला निघाली होती. त्या रात्री मी पोटभर रडले.

सकाळी लवकर उठून मी परात घेतली आणि कोठीपाशी बसले. मला धड हिब्रू येत नाही आणि खरं सांगायचं तर देवाचंही माझं डळमळीतच होतं. तरी पीठ मळलं, पहिली भाकरी थापायला घेतली. बाबा दारापर्यंत आले आणि मागं वळले. मग आत पेटी उघडल्याचा आवाज आला. शाल घेऊन ते आले, रेघेसमोर उभे राहिले. हळूहळू आवाज लागला. पहिली प्रार्थना संपली तशी मी म्हणाले, "आमेन."

बाबा एकदम गप्प झाले. मला वाटलं, बिघडवलं मी सगळं.

"हळू," शालीतून आवाज आला. "ती इतकं मोठ्यानं म्हणायची नाही."

आणि ते पुढची प्रार्थना म्हणायला लागले.