हलवून भरलेली टाकी

मंडळी, बुकिंगचा नंबर लागून मिळालेली आमची छोटी गाडी आज अमरावतीला नेऊन आणली. चालवत मी होते, शेजारी मामंजी, मागे घरचे तिघे.

कंपनीच्या अॅव्हरेजवर मामंजींचा काडीचा विश्वास नव्हता. सकाळी त्यांनी टाकी तोंडापर्यंत भरून घेतली. परतताना, किती पेट्रोल जळलं ते कळावं म्हणून, घराजवळ वाडीच्या पंपावर पुन्हा भरली. फारच थोडं मावलं.

"गाडी हलव गा! पायलीच्या मापात गहू बसतात तसं बसू दे," ते पंपवाल्याला म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी उतरून गाडी गदागदा हलवली. चमचाभरच आणखी गेलं.

अॅव्हरेज कंपनीच्या आकड्याच्याही वर निघालं!

मामंजींनी बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "सूनबाई, बोलल्यापेक्षा जास्त देणारं मले आजच भेटलं."

तुम्हाला भेटलंय कोणी?