कमी हाय की

"कमी हाय की!" डॉक्टरांनी दुखणं विचारलं की मावशींचं उत्तर ठरलेलं. दाराबाहेर आल्या की मात्र भिंतीला हात लावत, डावा पाय ओढत चालायच्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वाढणारीला वाईट वाटू नये म्हणून खारट आमटी मिटक्या मारत खाणारी. मला त्यांचा राग येतो. मावशींचा तर फारच यायचा, कारण त्यांच्यावर माझा जीव जडला होता.

जुळे सोलापुरातल्या त्या दवाखान्यात आम्ही दोघी कंबरेतल्या शिरेच्या दुखण्याने आलेल्या. मी शाळेत शिकवणारी, त्या जन्मभर कडक भाकरी थापून विकणाऱ्या. त्यांना एकच हवं होतं, अक्कलकोटपर्यंत एसटीत बसता यावं. तिथे त्यांची आक्का अंथरुणाला खिळली होती. ती रोज फोनवर कन्नडमध्ये विचारायची, "यावाग बर्ती?" कधी येतेस? आणि मावशींना तर घडीभरही बसवत नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण आणि गुणी. मणक्यात औषध सोडायच्या वाटा त्यांनी आम्हाला समजावल्या होत्या. माकडहाडाकडून, मधून, नाहीतर बाजूने, दुखऱ्या शिरेच्या अगदी जवळ. कुणाला कशाने गुण येईल ते पेशंटने सांगितल्यावरच कळतं, असं त्या म्हणायच्या. मला बाजूचं लागू पडलं. मावशींना खालून, माकडहाडाकडून दिलं, त्या "कमी हाय की" म्हणाल्या, म्हणून दुसऱ्यांदाही खालूनच दिलं.

"अहो मावशी, खरं सांगा ना त्यांना!"

"लई जीव लावून करत्यात, बाई. तोंड पडंल की पोरीचं."

मग एक दिवस आक्काऐवजी भाच्याचा फोन आला. आक्काला आता बोलता येत नव्हतं. त्या दिवशी मावशी डॉक्टरीणबाईंसमोर रडल्या. "न्हाय वो कमी. कवाच न्हवतं."

तिसरं इंजेक्शन बाजूने दिलं. काही दिवसांत पाय मोकळा झाला, मावशींनी पिशवी भरली, आणि त्याच सकाळी आक्का गेली. मावशी एसटीने गेल्या त्या मातीला.

पुढच्या तपासणीला त्या ताठ चालत आल्या. बाकावर बसून त्यांनी हे मला सांगितलं, तेव्हा मला रडू आवरेना. तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात येऊन हसत म्हणाल्या, "मग मावशी, भेटलात का बहिणीला?"

"भेटले की," मावशी म्हणाल्या. "सगळी वाट बसून गेले."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा फुलला. त्यानंतर मावशी तिथे कधी आल्या नाहीत.