चार बोटं कापलेलं छप्पर

आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी, आणि तीही मेकॅनिकलची. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. अब्बांनी सौदीत दम्मामच्या रस्त्यांवर ट्रेलर चालवला, त्या पैशांवर मी श्रीवर्धनहून इंजिनिअरिंगला गेले. लग्नानंतर मीही दम्मामलाच आले आणि भारतीय शाळेच्या मुलींच्या विभागात फिजिक्स शिकवू लागले.

गाडी आली धाहरानहून. तिथल्या तेल कंपनीच्या कॅम्पातला एक वयस्कर इंजिनिअर कायमचा मायदेशी निघाला होता. त्याच्या अंगणात जुन्या अमेरिकन पिकअपचा सांगाडा गंजत पडला होता. माझ्या नवऱ्याने तो ट्रकवर घालून शाळेत उतरवला आणि म्हणाला, "अगं, लोक शाळेला पंखे भेट देतात. तू भंगार आणलंस."

अकरावीच्या मुलींना मी समजावून सांगितलं, याला हॉट रॉड म्हणतात. जुनी गाडी घ्यायची, छप्पर कापून तिला ठेंगणी करायची, इंजिन उघडं ठेवायचं आणि आपल्या हौसेने सजवायची. मुलींचे डोळे चमकले. प्रिन्सिपल मॅडमचे नाही चमकले. गाडी ठेवलेली वर्कशॉपची खोली त्यांना बोर्डाच्या कोचिंगसाठी हवी होती. शेवटी त्यांनी अट घातली. शाळेच्या प्रदर्शनाच्या दिवशी मुलींच्या आयांसमोर गाडीने मैदानाला एक फेरी मारायची, स्वतःच्या इंजिनावर, कुणी ढकलायचं नाही. जमलं तर खोली तुमची, नाही तर खलास.

दर गुरुवारी शेवटचे दोन तास आम्ही तिच्यामागे लागलो. इंजिन तशलीहमधून आलं. तशलीह म्हणजे मोडक्या गाड्यांचा बाजार. तिथे नवरा माझ्यापेक्षा जास्त रमला. छप्पर चार बोटं खाली आणायचं काम एका रत्नागिरीच्या मुलीने अंगावर घेतलं. ही पोरगी एरवी माझ्याशी हिंदीत नाही तर इंग्रजीत बोलायची, राग आला की मात्र थेट मराठीत. वेल्डिंगच्या जोडाची पहिली रेघ गांडुळासारखी वाकडी आली तेव्हा ती भरपूर मराठी बोलली. तिने ती घासून काढली, पुन्हा जोडली, पुन्हा घासली. शेवटी जोड इतका साफ आला की बाकीच्या मुली त्यावरून बोट फिरवून बघायच्या.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मॅडम आल्या, गाडीभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "चालवणार कोण? शाळेतलंच कुणीतरी हवं, लायसन्सवालं."

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. बाकीच्या शिक्षिका बसने यायच्या, नाही तर नवरे सोडायचे. लायसन्स एकटीकडे, माझ्याकडे.

मी आत बसायला गेले आणि डोकं छपराला आपटलं. मान वाकवली तर गुडघे स्टिअरिंगला अडकले. सीट आणि छप्पर मुलींनी वर्गातल्या सगळ्यांची उंची मोजून, सरासरी काढून बसवलं होतं. ते गणित मीच तपासलं होतं, शेजारी 'छान' असंही लिहिलं होतं. आणि सरासरीपेक्षा मी चांगली वीतभर उंच.

"मॅम, थोड़ा झुक के," एक म्हणाली.

"झुकले तर पुढचं दिसत नाही गं."

"सीट निकाल दें?"

सीट काढली. पत्र्यावर उशी टाकून बसले, तर आता पाय ब्रेकपर्यंत पोचले, पण नाक स्टिअरिंगच्या मागे गेलं. मुली हसल्या, मीही हसले. मग कुणीच हसेना, कारण प्रत्येकीच्या डोक्यात तीच खोली होती.

उपाय सगळ्यांना दिसत होता. बोलत कुणी नव्हतं. मीही नाही, कारण तो जोड कुणाचा होता ते मला माहीत होतं.

रत्नागिरीवालीने ग्राइंडर उचलला. "सगळ्या बाजूला व्हा," ती म्हणाली, मराठीत. "मॅम, तुम्ही पण. छप्पर मी बसवलंय, मीच काढणार."

"आपण दुसरं काही..."

"काही नाही दुसरं. तुम्ही उंच आहात, त्याला आता काय करणार?"

ठिणग्या उडाल्या. तिने आपल्या जोडाला धक्का न लावता छपराचे खांब जोडाच्या खाली कापले. छप्पर अख्खं निघालं.

दुसऱ्या दिवशी मी ओढणी मागे गाठ मारून बसले, मानेपासून वर सगळी उघड्यावर. आयांनी मोबाइल उंच धरले होते. बास्केटबॉलच्या खांबापाशी इंजिन खोकलं आणि गाडी मंदावली. दोन-तीन मुली धावत आल्या. "हात लावू नका," मी ओरडले आणि पॅडल हळूच दाबलं. इंजिन एकदा गुरगुरलं आणि गाडी लागली पळायला. फेरी पुरी झाली. घाईत ब्रेक जरा जोरात लागला, तेवढं सोडा.

मॅडमनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "बिना छपराचीच बरी दिसते."

ते छप्पर आता वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलंय, त्याच्या कडेला वेल्डिंगचे चष्मे अडकवतो. नव्या वर्षाच्या पहिल्या गुरुवारी रत्नागिरीवाली टेप घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"सरळ उभ्या राहा, मॅम," ती म्हणाली. "या वेळी आधी तुमचं माप."